जमिनीवर बसून शिकायचा विषय

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या घरी माणसं यायला लागतात. बहुधा एक मुलगी असते आणि तिची आई. मुलीला 'सायको' घ्यायचं असतं, आणि त्यातही लहान मुलांचं. मुलगी गप्प बसून असते. आई विचारते, "मॅडम, यात स्कोप आहे का?" चहा येईपर्यंत दुसरा प्रश्नही येतो, "वेड्यांच्या इस्पितळात तर काम करावं लागणार नाही ना?"

हा दुसरा प्रश्न ठाण्यात विचारला जातो याचं मला नवल वाटत नाही. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य आमच्या कितीतरी पिढ्यांनी हसत हसत वापरलं आणि त्यामागची माणसं कधी पाहिली नाहीत. पुढे त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ', म्हणजे सगळ्यांची 'आयपीएच', सुरू केली. मनाच्या दुखण्यासाठी कुणाकडे तरी जायचं असतं, हे या शहरात चारचौघांत बोललं जाऊ लागलं त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. तरीसुद्धा 'मूल' आणि 'मानसशास्त्र' हे शब्द एकत्र आले की आईच्या कपाळावर आठी उमटते. तिला वाटतं, हा विषय ज्या मुलांचं काहीतरी बिनसलंय त्यांचा आहे.

तो तसा नाही. मूल पालथं पडतं, रांगतं, बोबडं बोलतं, 'माझं' म्हणायला शिकतं, खोटं बोलायला शिकतं, पहिली मैत्री करतं, बापाशी पहिलं भांडण करतं. हे सगळं कोणत्या क्रमानं होतं, का होतं आणि एखाद्याच्या बाबतीत वेगळ्या क्रमानं का होतं, याचा हा अभ्यास आहे. विद्यापीठाच्या भाषेत त्याला विकासात्मक मानसशास्त्र म्हणतात. त्याची हद्द खरं तर गर्भापासून म्हातारपणापर्यंत जाते, बालमानसशास्त्र हा त्यातला पहिला आणि सर्वांत दाट भाग. बिघाड समजून घ्यायचा असेल तर आधी सर्वसाधारण वाढ कशी असते ते डोळ्यांत बसलेलं असावं लागतं. ज्यानं शंभर मुलं रांगताना पाहिलेली नाहीत, त्याला एकशे एकावं मूल रांगत नाही म्हणजे काय, हे कळणार नाही.

येणाऱ्या मुलींना इतकी वर्षं मी जे तोंडी सांगत आले, ते लिहून काढा, असा आग्रह माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी धरला आणि त्यातून ही पुस्तिका झाली. अभ्यासक्रम, प्रवेश, पदव्या आणि नोकऱ्या यांची माहिती पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट सांगायची आहे. हा विषय पुस्तकातून समजतो, पण येतो तो मुलासमोर जमिनीवर बसून. आणि असं बसण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही, ती आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्या मागच्या इमारतीतल्या एक आजी त्यांच्या अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगा अवाक्षर बोलत नव्हता. घरात सगळ्यांचं मत ठरलेलं होतं, मुलगे उशिराच बोलतात, याचा काकासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनीही 'वाट बघा' म्हटलं होतं. त्या दिवशी माझी एक विद्यार्थिनी घरी होती, एस.वाय.ला असलेली. ती मुलाशेजारी फरशीवर बसून ठोकळे लावत होती. आत कुकरची शिट्टी झाली. आजींनी मान वळवली, मी वळवली, मुलानं नाही. दुसरी शिट्टी झाली, तरी नाही. विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिनं ठोकळा खाली ठेवून मुलाच्या पाठीमागे दोनदा टाळी वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते कुटुंब वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण तपासणीला गेलं. मुलाला ऐकू फारच कमी येत होतं. श्रवणयंत्र लागलं, वाचा-उपचार सुरू झाले. जे मूल ऐकत नाही ते बोलणार कसं, इतकं ते साधं होतं, आणि इतक्या जणांच्या नजरेतून निसटलं होतं.

त्या मुलीनं निदान केलं नाही. तसं करण्याचा तिला अधिकारही नव्हता, आणि हे मी तिला नंतर स्पष्ट सांगितलं. तिनं फक्त पाहिलं. पण पाहण्यासाठी ती खाली बसली होती, आणि पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य, भाषा उशिरा येत असेल तर आधी कान तपासा, तिला नेमक्या क्षणी आठवलं होतं. वर्गातलं शिक्षण आणि जमिनीवरचं शिक्षण अशा ठिकाणी एकमेकांना भेटतं.

या शास्त्राचा इतिहासही असाच, घरातल्या मुलांकडे बघण्यातून सुरू होतो. चार्ल्स डार्विननं आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ साली त्या छापल्या. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजेनं (१८९६-१९८०) आपल्या तीन मुलांचं बाळपण तासन् तास निरखलं आणि त्यातून मुलाच्या विचारशक्तीची मांडणी उभी केली. पियाजेचा एक प्रयोग मी दर वर्षी विद्यार्थ्यांना इमारतीच्या जिन्यात करायला लावते. दोन सारख्या पेल्यांत सारखंच कोकम सरबत ओतायचं. मूल म्हणतं, सारखं आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवतं, यात जास्त. सात-आठ वर्षांचं मूल आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतं आणि म्हणतं, तेच तर आहे.

विद्यार्थी इथेच थांबतात आणि वहीत लिहितात: 'लहान मुलाला राशीची समज नसते.' एकदा एका मुलानं मात्र आमच्या एका विद्यार्थिनीला तिथल्या तिथे अडवलं, "मघाशी सांगितलं ना सारखं आहे, मग परत कशाला विचारतेस?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा पहिलं उत्तर चुकलं असणार, हे आपल्या मुलांना शाळेनं शिकवलेलं असतं. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हेच दाखवलं. त्यांनी मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाला मांडणी विस्कटू दिली. मग कितीतरी जास्त लहान मुलांनी बरोबर उत्तर दिलं. बदल मोठ्या माणसानं मुद्दाम केलेला नव्हता, त्यामुळे प्रश्नामागे डाव असेल अशी शंका मुलांना आली नाही. मुलाचं उत्तर हे त्याच्या बुद्धीचं जेवढं असतं तेवढंच ते आपल्या प्रश्नाचंही असतं. या विषयात तीन वर्षं घालवून एवढं एक कळलं, तरी ती पदवी सार्थकी लागली असं मी समजते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. पालघर हा वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी डहाणू तालुक्यातली बोर्डी आणि कोसबाड ही गावं ठाणे जिल्ह्यातच होती, आणि भारतातल्या बालशिक्षणाचा एक मोठा अध्याय तिथे लिहिला गेला. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडलं आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम हाती घेतलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभं केलं. तिथली मुलं मध्यमवर्गीय घरांतली होती. माँटेसरी पद्धतीची साधनं सुबक होती आणि महागही होती. ताराबाईंना प्रश्न पडला तो या साधनांपर्यंत कधीच न पोचणाऱ्या मुलांचा. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून ताराबाईंसोबत आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं.

तिथे दोघींना काय दिसलं ते बघा, कारण आपल्या विषयाचं सगळं सार त्यात आहे. बालवाडी उघडली तरी मुलं येईनात. आळशी म्हणून नाही, आईबापांना किंमत नाही म्हणूनही नाही. ही वारली मुलं शेणात, पाण्यात, रानात कामाला होती. मोठा गुरं घेऊन जात होता, आठ वर्षांची बहीण कडेवर धाकट्याला घेऊन बसत होती. या दोघी शाळा घेऊन मुलांकडे गेल्या. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली, तिला अंगणवाडी म्हणू लागले. गुरं चरायची त्या कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. आणि बहीण शाळेत यायची असेल तर धाकट्याला कुणीतरी सांभाळायला हवं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. रंगीत मण्यांऐवजी चिंचोके, शंख, पानं, खडे आले. माँटेसरीचं तत्त्व तेच राहिलं, इंद्रियांतून बुद्धीकडे जायचं. वस्तू मात्र मुलाच्या ओळखीच्या झाल्या.

'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण माझ्या लेखी त्यांचा खरा मान म्हणजे तो एक शब्द. आज काश्मीरमधली आई मुलाला 'अंगणवाडी'त सोडते तेव्हा ती आपल्या जिल्ह्यातला मराठी शब्द उच्चारत असते.

मला खंत वाटते ती याची की आमच्या अभ्यासक्रमात पियाजे आहे, एरिक्सन आहे, व्हायगॉट्स्की आहे, आणि ते असलेच पाहिजेत, पण कोसबाड नाही. ताराबाईंचं नाव डी.एड.च्या मुलींना माहीत असतं, मानसशास्त्राच्या मुलींना नसतं. व्हायगॉट्स्कीनं सांगितलं की मूल आपल्यापेक्षा जाणत्या माणसाच्या आधारानं एक पायरी वर चढतं. कुरणशाळेत हे रोज घडत होतं, तेही गुरांच्या घंटांच्या आवाजात. विद्यार्थ्यांना सिद्धांत आणि कोसबाड शेजारीशेजारी वाचायला मिळावेत, म्हणून या पुस्तिकेत त्यावर एक स्वतंत्र प्रकरण घातलं आहे.

कोपरीत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते. आमच्याकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आहे, पलीकडे चेंदणीचा कोळीवाडा आहे, घाटावरून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून आलेली घरं आहेत. अष्टविनायक चौकात संध्याकाळी खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात एका दमात तीन भाषा असतात. घरी कोळी मराठी, खाली हिंदी, नर्सरीत इंग्रजी. मग शाळेकडून चिठ्ठी येते, मुलाचा शब्दसंग्रह कमी आहे. कमी आहे म्हणजे इंग्रजीत कमी आहे. तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले तर बहुतेक वेळा ते मूल वयाच्या मानानं व्यवस्थित असतं. अशा मुलाच्या आईला 'घरात फक्त इंग्रजीच बोला' असा सल्ला दिला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या भाषेत आई रागावते, लाड करते आणि गोष्ट सांगते ती भाषा मुलाच्या तोंडून काढून घेण्यासारखा तोटा नाही.

मोजमापाचा प्रश्न नवा नाही. बिनेची बुद्धिमापन चाचणी फ्रेंच मुलांसाठी तयार झाली होती. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांवर तपासून, बदलून घेतली, आणि १९४० मध्ये त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक निघालं. बिने-कामत चाचणी आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तिथल्या बाळांच्या वाढीच्या नोंदींवरून अगदी लहान वयासाठी प्रमाणकं तयार केली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तीही बुद्धीच्या मानसशास्त्राचा पाया घेऊनच. या सगळ्या कामाचा अर्थ एकच आहे. दुसऱ्याच्या मुलांवरून बेतलेला सदरा आपल्या मुलाला लहान झाला तर मूल बेढब ठरत नाही. जो विद्यार्थी चाचणी हातात घेईल त्यानं पहिला प्रश्न विचारावा, ही कोणत्या मुलांवर, कोणत्या साली, कोणत्या भाषेत प्रमाणित झाली आहे?

आता महाविद्यालयाबद्दल. या विषयात शिरायला आपल्याकडे दोन दरवाजे आहेत आणि बहुतेक पालकांना एकच माहीत असतो. पहिला कला शाखेचा. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.मध्ये मानसशास्त्र घेणाऱ्यांना विकासात्मक मानसशास्त्राची ओळख पारंपरिक रचनेत दुसऱ्या वर्षी होत आली आहे. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या जोशी-बेडेकर महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं जातं, आणि कोपरीतून पूल ओलांडून चालत जाता येतं. दुसरा दरवाजा गृहविज्ञानाचा. तिथे 'मानव विकास' नावाचा विषय असतो. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या आणि निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयांत तो शिकता येतो. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवण, या समजुतीनं कितीतरी मुली तिकडे फिरकत नाहीत. वास्तविक लहान मुलांसोबत प्रत्यक्ष काम, बालवाडीत निरीक्षण, खेळांची आखणी हे सगळं मानव विकासात पहिल्यापासून जास्त असतं. ज्याला संशोधन, चाचण्या आणि पुढे उपचार यांकडे जायचं आहे त्यानं मानसशास्त्र घ्यावं. ज्याला मुलांबरोबर असायचं आहे त्यानं मानव विकासाचा विचार आधी करावा. हे माझं मत आहे आणि त्यावर सहकाऱ्यांशी माझे वाद झालेले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि चौथं वर्ष आल्यामुळे एक घेऊन दुसऱ्याची जोड देणंही पूर्वीपेक्षा सोपं व्हावं.

एक गोष्ट मात्र पदवीच्या आधीच समजून घ्या. बी.ए. सायकॉलॉजी झालेली व्यक्ती उपचार करू शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानं या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रमही तिच्याच मान्यतेनं चालतात. क्लिनिकलसाठी आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा मार्ग होता. एम.फिल. बंद होण्याच्या निर्णयामुळे तो आता बदलतो आहे, तेव्हा प्रवेश घेताना परिषदेच्या संकेतस्थळावरची त्या वर्षीची यादीच प्रमाण माना, कुणाचं ऐकीव नको. आठवड्याभरात 'बालमानसतज्ज्ञ' करून देणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. मुलावर चुकीचं लेबल लागलं की ते सुटायला वर्षं जातात.

मग स्कोप? आईच्या पहिल्या प्रश्नाला मी आता नीट उत्तर देते. शाळांतलं समुपदेशन हे सर्वांना दिसणारं काम. त्यापलीकडे बरंच आहे आणि त्यातलं बरंचसं कायद्यानं निर्माण केलेलं आहे. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरमध्ये, तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, आणि त्यात जन्मजात व्यंग, कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातला विलंबही शोधायचा. असा विलंब सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आखली गेली. तिथे मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता आल्या, त्यात स्वमग्नता आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्रानं त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९६ मध्ये घेतला होता. या सवलतींसाठी लागणारं मूल्यमापन कुणीतरी जबाबदारीनं करावं लागतं.

बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर जघन्य गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाला मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. पॉक्सो कायद्यात अत्याचारग्रस्त मुलाच्या बाजूनं तज्ज्ञाला उभं राहता येतं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून निघाली. त्याच संस्थेत १९३७ साली देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं होतं. आणि ज्यांना दवाखाना, न्यायालय काहीच नको, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं आहेत, मुलांची मासिकं आहेत, खेळणी आहेत, संग्रहालयं आहेत. सहा वर्षांच्या मुलाला काय समजतं हे ठाऊक असलेलं माणूस या प्रत्येक ठिकाणी लागतं.

आपल्या अगदी जवळचं एक उदाहरण देते. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठानं महापालिकेच्या सहकार्यानं सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलला वस्तू विकणारी, पुलाखालीच राहणारी ही मुलं, बरीचशी मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या पारधी कुटुंबांतली. शाळा भरते ती मुलं जिथे आहेत तिथेच. कोसबाडच्या कुरणात जे घडलं तेच गाड्यांच्या कर्कश्श आवाजात घडतं आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं एकदा तिथे परवानगी काढून जाऊन बसावं. लक्ष एकाग्र होणं म्हणजे काय, यावरचं पाठ्यपुस्तकातलं प्रकरण त्याला पुन्हा वाचावंसं वाटेल.

आता जे मला सर्वांत आतून वाटतं ते लिहिते. मेंदूची घडण सर्वांत वेगानं होते ती पहिल्या सहा वर्षांत, हे आता सगळेच मान्य करतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला. पण त्या वयाच्या मुलांबरोबर दिवसभर कोण असतं? अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस, ज्यांना पगार नव्हे, मानधन मिळतं, आणि ज्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावा लागला. आणि आपल्या ठाणे-डोंबिवलीत पाळणाघरवाल्या मावशी. सकाळी आठच्या लोकलसाठी धावणारी आई मूल ज्या हातांत देते आणि संध्याकाळी साडेसातला ज्या हातांतून घेते ते हात. मूल दिवसाचे अकरा तासांहून जास्त तिथे असतं. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि मूल यांच्या ओढीबद्दल जे लिहिलं ते आम्ही वर्गात मन लावून शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो, आणि त्या मावशींना मात्र कुणी कधी भेटायलाही जात नाही. मावशींना मुलं कळतात, अनुभवानं फार चांगली कळतात. त्यांच्या त्या जाणतेपणाला शास्त्राची जोड द्यायची, त्यांच्याकडून शिकायचं आणि हे काम चांगल्या पगाराचं, मानाचं करायचं, हे या विषयाच्या पदवीधरांचं पहिलं काम आहे. केबिन, पाटी आणि फी ही त्यानंतरची गोष्ट आहे. माझ्या चाळीस विद्यार्थिनींतल्या अडतीस जणींना केबिन हवी असते. उरलेल्या दोघींपैकी एकीनं पाळणाघर काढलं, आणि माझ्या मते आमच्या विभागाचं सर्वांत चांगलं काम तिथे चालू आहे.

मुलग्यांसाठी एक ओळ वेगळी लिहिते. हा मुलींचा विषय आहे असं समजून मागे फिरू नका. वर्गात दोन-तीन मुलगे असतात, तेही संकोचून शेवटच्या बाकावर. लहान मुलांच्या आयुष्यात मायेनं बोलणारे पुरुष कमी आहेत आणि त्यांची गरज फार मोठी आहे.

पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी एक विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या घराजवळची अंगणवाडी किंवा पाळणाघर शोधा, ताईंची परवानगी घ्या आणि सलग सहा दिवस रोज एक तास तिथे बसा. मुलांना शिकवू नका, गाणी म्हणायला लावू नका, त्यांचे फोटो काढू नका. एक मूल निवडा आणि ते काय करतं तेवढंच लिहा, ते कसं आहे हे लिहू नका. सहाव्या दिवशी सातव्या दिवसाची ओढ वाटली तर अर्ज भरा. खुर्ची देतील, ती घेऊ नका.